केसभर कललेलं हेड

१२ फेब्रुवारी

बब्बड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहिते. नऊ वर्षांनी लिहायचं तर काहीतरी निमित्त लागतं. निमित्त असं, की तुझं गाणी भरायचं मशीन माझ्या टेबलावर येऊन पडलंय.

तुझ्या लेकीला रागावू नकोस. सोमवारी सकाळी दुकान उघडून खुर्ची पुसत होते, तेवढ्यात एक मुलगी चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन आत आली. गाठोडं काउंटरवर ठेवलं, दम खाल्ला आणि म्हणाली, "हे दुरुस्त होतं का बघा ना." मी आधी गाठोडं सोडलं, तोंडाकडे नंतर पाहिलं. धंद्याची सवय. आवाज वर-खाली करायचे चार फेडर, तो मोजणाऱ्या चार सुया, डाव्या कोपऱ्यात तू पाडलेला टवका. मग वर पाहिलं, तर हनुवटी बाबांची.

"तुम्हाला मावशी म्हणू का मॅडम?" तिनं विचारलं.

"दुरुस्त झालं तर मावशी म्हण," मी म्हटलं. दोघी हसलो.

घर रंगवायला काढल्यामुळे मशीन माळ्यावरून खाली आलं, आई म्हणाली भंगारात दे, पण भंगारात द्यायच्या आधी म्हटलं मावशीला दाखवावं, असं ती म्हणाली. सोबत बुटांच्या खोक्यात अकरा कॅसेटी. एका कॅसेटवर तुझं अक्षर बघून तिनं विचारलं, "आई गायची?"

"तुला माहीत नाही?"

"आई अंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नाही."

मी स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेले. तो माझ्या खिशातच होता.

वरवर पाहिलंय. मोटर फिरते, टेप हलत नाही, म्हणजे आतला रबरी पट्टा गेला. मशीन तुझं आहे, तेव्हा तू नको म्हणालीस तर तसंच बांधून परत पाठवीन. काहीच कळवलं नाहीस तर मात्र मी ते करणार.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

बब्बड,

लेकीचा फोन आला होता. तू पत्र ओट्यापाशी उभ्यानं वाचलंस आणि चमच्यांच्या खणात ठेवलंस म्हणे. फाडलं नाहीस, म्हणजे निम्मी परवानगी मिळाली असं मी समजले. सोयीचं समजून घेण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही, हे तुला ठाऊक आहेच.

पट्टा तुटला नव्हता, वितळला होता. तीसेक वर्षांत रबराचं डांबर होतं. चाकाच्या खाचेत, दात्यांवर, मोटरच्या नळीवर सगळीकडे काळा चिकटा. बोटाला लागला तर साबणानं निघत नाही, आणि ज्याला हात लावाल त्याला लागतो. दोन दिवस स्पिरिट आणि कापसाच्या काड्या घेऊन बसले होते. शेजारचे घड्याळवाले काका येऊन बघून गेले. म्हणाले, "एवढी सेवा सासूची केली असती तर पुण्य लागलं असतं." मी म्हटलं, सासूच नाही. ते म्हणाले, "म्हणून तर मशीन मिळालं." काका अजून तसेच आहेत, फक्त कान गेलेत. नव्या पट्ट्याचं माप त्यांनीच दोरा गुंडाळून काढून दिलं.

टेप ओढणारा रबराचा रोलर कडक होऊन काचेसारखा गुळगुळीत झालाय. त्याला बारीक पॉलिश पेपर लावला. दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले. तिसऱ्या ट्रॅकचा फेडर खरखरतो. तू त्याच ट्रॅकवर चमच्यानं टेबलाचा ताल भरायचीस आणि सारखा वर-खाली करायचीस, म्हणून तो जास्त झिजलाय.

काल हेडवरचं झाकण काढलं.

टेपवर आवाज भरतं आणि वाचतं ते हेड; त्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. हेड टेपला बरोबर काटकोनात बसावं म्हणून तो असतो. एकदा बसवला की हलू नये म्हणून त्यावर रंगाचा ठिपका देतात. तुझ्या मशीनच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. कारखान्यात नेलपॉलिश वापरत नाहीत. ती बाटली तुझी होती, आपल्या खिडकीत असायची.

यापुढचं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. साठी आली तरी मला अजून बाबा आतल्या खोलीतून ऐकतायत असं वाटतं. आज इथेच थांबते. मशीन चालू झालंय एवढं कळवायचं होतं.

ताई


१ मार्च

बब्बड,

आज दुकान बंद ठेवून लिहायला बसले आहे. चौथ्यांदा फाडणार नाही.

तू बावीसची होतीस, मी एकोणतीसची. बाबांच्या अर्धांगाला तेव्हा आठ महिने झाले होते. आई नव्हतीच. दुकान माझ्याकडे, बाबांचं उठवणं-बसवणं, अंघोळ, भरवणं माझ्याकडे. तू मदत करायचीस, नाही असं नाही. पण घरात तुझं काय असायचं, तर आवाज. मागच्या खोलीत तू पडदे लावून आधी मुख्य आवाज भरायचीस, मग त्यावर स्वतःचाच दुसरा आवाज, मग चमचा, मग उसनी आणलेली गिटार. पायऱ्यांवरचं ते गाणं झालं तेव्हा बाबांचा उजवा हात पांघरुणावर ताल धरत होता. डॉक्टरांना जे महिनोन्महिने जमलं नव्हतं ते तुझ्या गाण्यानं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते सांगते. मला वाटलं, अंघोळ मी घालते आणि हात हिच्यासाठी हलतो.

मग त्या रेकॉर्ड कंपनीची जाहिरात आली. नवे आवाज हवेत, तिघांना निवडणार, वर्षभर तिकडे राहायचं, शिकायचं, रेकॉर्ड निघणार. त्यांची अट तुला आठवत असेल: मिक्स केलेली कॅसेट नको, चारही ट्रॅक वेगळे असलेली मूळ कॅसेट पाठवा, आमच्याकडच्या तशाच मशीनवर आम्ही ऐकू. तू नाचत दुकानात आलीस आणि मशीन माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, "ताई, एकदा नीट सर्व्हिस करून दे. आयुष्याचा प्रश्न आहे."

मी सर्व्हिस केली. हेड पुसलं, तेल घातलं. दुपारची वेळ होती, बाबा झोपले होते. आणि मग तो बाजूचा स्क्रू मी पाव फेरा फिरवला आणि वर तुझं नेलपॉलिश लावलं.

चुकून नाही, बब्बड. घाईत नाही. मी वाळेपर्यंत फुंकर घातली.

याचं काय होतं ते तुला तेव्हा कळलं नसतं, मशीनच्या पोटात तू कधी डोकावली नाहीस. म्हणून आता सांगते. हेड केसभर कललं की त्या मशीनवर भरलेली टेप त्याच मशीनवर स्वच्छ वाजते, कारण भरणारं आणि वाचणारं हेड एकच. दुसऱ्या, सरळ हेडच्या मशीनवर मात्र वरचे सूर गळून पडतात. शब्दांच्या कडा जातात, आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. तू घरी ऐकलंस ते आणि त्यांनी तिकडे ऐकलं ते, या दोन वेगळ्या बायका होत्या.

पायऱ्यांवरचं गाणं तू त्या मशीनवर नव्यानं भरलंस आणि पाठवलंस. त्याच आठवड्यात तू म्हणालीस, माझ्या जुन्या टेपा एकदम मंद का वाजतायत? मी म्हटलं, जुन्या झाल्या, उतरल्या. विश्वास ठेवलास.

महिन्यानं कॅसेट परत आली, सोबत चिठ्ठी. आवाज झाकलेला आहे, उच्चार स्पष्ट नाहीत. तू तीच कॅसेट लावून मला बोलावलंस. "ताई, ऐक ना. इथे तर प्रत्येक अक्षर कळतंय. मशीनमध्ये काही गडबड आहे का?"

मी म्हणाले, "मशीन मी स्वतः तपासलंय."

"मग?"

"मग काय. आपल्या कानाला आपला आवाज गोडच लागतो. लोकांना तो तसाच ऐकू येतो असं नाही."

स्क्रू फिरवणं एका दुपारचं पाप. हे वाक्य त्याहून वाईट, आणि ते मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं. तू मान हलवलीस. "असेल," म्हणालीस. मशीनवर टॉवेल टाकलास. त्यानंतर तुला गाताना मी ऐकलं नाही.

मला काय हवं होतं? तू जाऊ नयेस एवढंच. त्या घरात मी एकटी उरू नये. आणि काय झालं? सहा महिन्यांत तुला दुसऱ्या गावी नोकरी लागली, दोन वर्षांत लग्न झालं. तू गेलीसच. मी एवढंच साधलं, की तू गाण्यासाठी गेली नाहीस.

बाबा गेल्यावर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, तू गेलीस, बावीस वर्षं मी एकटीनं केलं. तू म्हणालीस, "मला जिथे जायचं होतं तिथे मी गेलेच नाही." तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं. गिळलं. उलट तुलाच दार दाखवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या अशा.

आता कामाचं. अकरापैकी आठ कॅसेटी स्क्रू फिरवायच्या आधीच्या आहेत. तीन नंतरच्या, त्यात परत आलेली ती एक. त्या तीन फक्त हेड असं वाकडं आहे तोवरच नीट वाजतील. म्हणून मी त्यांची आधी कॉपी करून ठेवली, स्पीकर बंद करून, फक्त सुया बघत. ऐकायचा मला हक्क नाही असं वाटलं. सुया मात्र भरपूर हलत होत्या.

स्क्रूला हात लावलेला नाही. सरळ करू का, तू सांग.

ताई


११ मार्च

बब्बड,

लेक काल आली. यावेळी मावशीही म्हणाली नाही आणि मॅडमही नाही. स्टुलावर बसली, चहा नको म्हणाली. माझं पत्र तिनंही वाचलंय हे तिच्या मानेवरून कळलं. मान बाबांसारखीच ताठ होते.

"आईनं एकच विचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "आजोबांना माहीत होतं का?"

मी म्हटलं, "लिहून कळवते."

"आत्ता सांगा ना."

"तुला नाही. जिनं विचारलंय तिला."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "आई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी जेवली आणि म्हणाली, मीठ कमी आहे. म्हणजे आता बरी आहे." मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की वाटू नये म्हणून, कळलं नाही. दोन्ही चाललं असतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एक रात्र आणि अर्धा दिवस मी 'नाही' असं लिहायचं ठरवलं होतं. बाबा तुझे लाडके. तुझ्याकडून एक गोष्ट घेतली, आता मेलेला बापही घेऊ का, असं वाटत होतं. पण मग लक्षात आलं, हीच माझी जुनी रीत. तुझ्या भल्याचं काय ते मी ठरवायचं आणि तुला उतरलेली टेप ऐकवायची.

तर, हो. त्यांना माहीत होतं.

कॅसेट परत आली त्या संध्याकाळी तू मागच्या खोलीत रडत होतीस. मी त्यांना भरवत होते. त्यांना तेव्हा एकेक शब्दच यायचा. त्यांनी चमचा हातानं बाजूला केला आणि म्हणाले, "हेड?"

चाळीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. मी म्हणाले, "बघितलं. ठीक आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, पण भात गार झाला. मग त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता तुला हाक मारणार. त्यांनी तोंड घासासाठी उघडलं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी, शेवटच्या आजारात, एकदा म्हणाले, "तिला सांग." मी विचारलं, काय? म्हणाले, "माहितीये तुला." मी उशी नीट केली. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

ते का गप्प राहिले, याचा मी खूप विचार केलाय. त्यांना अंघोळ मी घालत होते. तू गेली असतीस तरी मीच घातली असती, पण हे त्यांना कोण सांगणार. माणूस अंथरुणाला खिळला की धीट राहत नाही. त्यांना माझ्याइतकं दोषी धरू नकोस. अर्थात हेही मी ठरवणारी कोण. धरायचं तर धर.

ताई


२ एप्रिल

बब्बड,

शुक्रवारी जे झालं ते तुला माहीतच आहे, तू समोर होतीस. तरी लिहून काढते. मी स्वतःशी खोटं बोलण्यात मुरलेली आहे. चार महिन्यांत मला ते वेगळंच आठवायला लागेल, आणि त्यात मी जरा बरी दिसायला लागेन.

तू अकरा वाजता आलीस. कळवलं नव्हतंस. केस पिकलेत तुझे. मी 'ये' म्हणाले, तू "हं" म्हणालीस. बसायला स्टूल दिलं ते तू पुसून घेतलंस. बरोबर केलंस, त्यावर सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स सांडलेला होता.

"ती कॅसेट लाव. परत आलेली."

मी हेडफोन पुढे केला.

"हेडफोन नको. दुकानाच्या स्पीकरला जोड."

माझ्या हातानं वायर जोडली. प्ले दाबलं. चारही फेडर तूच वर केलेस, न बघता.

एकतीस वर्षांनी पायऱ्यांवरचं गाणं वाजलं. मी त्यातलं काय ऐकलं हे लिहिणार नाही, ते तुझं आहे. एवढंच लिहिते, की दुसऱ्या कडव्यात तू श्वास घेतेस तोसुद्धा स्पष्ट कळतो.

तेवढ्यात शाळेतल्या एक बाई दुरुस्तीला दिलेला मिक्सर न्यायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "कोण हो हे?"

तू माझ्याकडे बघत होतीस.

"माझी बहीण," मी म्हटलं.

"आवाज काय सुरेख आहे. कुठे गातात?"

"गात नाही." तू अजून बघतच होतीस. "निवड व्हायची होती. मी मशीन बिघडवून ठेवलं, म्हणून झाली नाही. मीच केलं ते."

बाईंना वाटलं थट्टा आहे. त्या हसल्या, मग हसायचं थांबल्या. मिक्सर घेऊन निघाल्या आणि झाकण विसरल्या. आता अर्ध्या गावाला कळलं असेल. कळू दे.

मग तू म्हणालीस, "आता त्यांनी काय ऐकलं ते मला ऐकायचंय."

मला आधी समजलंच नाही.

"स्क्रू सरळ कर. गाणं चालू असताना."

"बब्बड, नको."

"कर."

तू टेप मागे घेतलीस, पुन्हा लावलीस. मी झाकण काढलं, ठिपका खरवडला, बारीक स्क्रूड्रायव्हर लावला. हात सरळ कामाला लागला. हात धंद्याचा आहे, त्याला लाज नाही. मी हळूहळू फिरवत गेले आणि तुझा आवाज माझ्या बोटांखाली बुडत गेला. आधी 'स' गेला. मग शब्दांची टोकं गेली. मग गिटारच्या तारा लोकरीच्या झाल्यासारख्या वाटायला लागल्या. शेवटी कोणीतरी बाई बंद दारामागे काहीतरी गात होती, चांगली की वाईट ते कळायला मार्ग नव्हता.

"एवढंच?" तू विचारलंस. "एवढंसं फिरवलंस?"

"पाव फेरा."

तू ते गाणं तसं, बुडालेलं, शेवटपर्यंत ऐकलंस. मी मध्ये बंद करायला हात नेला तर तू माझं मनगट धरून बाजूला केलंस. नऊ वर्षांत तू मला पहिल्यांदा हात लावलास, तो यासाठी.

गाणं संपलं. तू रडशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "मीही नसतं निवडलं हिला." आणि जरा वेळानं, "मी वाईट नव्हते."

"नव्हतीस."

"हे तू तेव्हा म्हणायला हवं होतंस. स्क्रू तसाच ठेवून नुसतं एवढं म्हणाली असतीस तरी मी घरी गात राहिले असते."

क्षमा माग असं तू म्हणाली नाहीस, आणि मी मागितली नाही. मागितली असती तर ती तुला द्यावी लागली असती किंवा नाकारावी लागली असती, दोन्ही बाबतींत काम तुझ्याच अंगावर पडलं असतं.

मी चाचणीची टेप लावून हेड नीट बसवलं. तू तोवर बाबांच्या जुन्या खुर्चीकडे बघत होतीस. "त्यांनाही मी माफ केलेलं नाही," म्हणालीस. आठ जुन्या टेपा आता तुझ्या मशीनवर स्वच्छ वाजतात, एक मी तपासली, तुझ्यासमोरच. मशीन तू स्वतः उचललंस. बसपर्यंत पोचवते म्हटलं तर "नको" म्हणालीस. जाताना विचारलंस, "कोरी कॅसेट आहे?" ड्रॉवरमध्ये दोन होत्या. तू एक घेतलीस आणि कशाला ते सांगितलं नाहीस.

दारातून म्हणालीस, "पत्रं लिहीत जा. वाचते मी. उत्तर देईनच असं नाही."

चालेल. मशीन महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं तरी चालव, म्हणजे पट्टा एका जागी बसणार नाही. तिसरा फेडर अजून थोडा खरखरतो. तो मला पूर्ण नीट करता आला नाही.

ताई